घाटातील सराव आधी, व्हिसाचा अर्ज नंतर

परदेशात मोटारसायकलवरून प्रवास करण्याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेकांनी मार्ग, गाडी आणि खर्च यांविषयी विचारले आहे. गाडी चालवण्याच्या कौशल्याविषयी विचारणारे पत्र एकच आले, आणि ते परदेशी निघालेल्या वाचकाचे नाही. तरीही त्या पत्राला मी बरीच जागा दिली आहे, कारण बाकीच्या वाचकांनीही ते उत्तर वाचावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आम्ही पुण्यातील तिघे मित्र पंचेचाळिशीचे आहोत. वीस वर्षे बुलेट चालवतो, लडाखला दोनदा जाऊन आलो आहोत. येत्या जुलैमध्ये झुरिकला मोटारसायकली भाड्याने घेऊन स्वित्झर्लंड, इटली आणि ऑस्ट्रिया मिळून दहा दिवसांत ३,५०० किलोमीटर करण्याचा विचार आहे. ही आखणी योग्य आहे का?

उत्तर : आपला अनुभव मोठा आहे, परंतु आखणी मला योग्य वाटत नाही. ३,५०० किलोमीटर दहा दिवसांत म्हणजे रोज सरासरी ३५० किलोमीटर. आल्प्समधील खिंडींच्या रस्त्यांवर फोटोसाठी, पेट्रोलसाठी, सायकलस्वारांच्या मागे थांबण्यासाठी लागणारा वेळ धरला, तर ताशी सरासरी ४० ते ४५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग मिळत नाही. त्यामुळे रोज जवळजवळ आठ ते नऊ तास आपण खोगिरावर असाल, आणि तेसुद्धा अशा रस्त्यावर, जेथे दर अर्ध्या मिनिटाला एक वळण येते व प्रत्येक वळणाला पूर्ण लक्ष द्यावे लागते. दिवसाला २०० ते २२० किलोमीटर ठेवा आणि शक्य तेथे एका गावी दोन रात्री मुक्काम करा. उदाहरणार्थ, आंडरमाट या गावी राहिलात, तर सामान खोलीवर ठेवून फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिमसेल (२,१६४ मीटर) आणि सुस्टेन (२,२२४ मीटर) या तीन खिंडींची फेरी सुमारे १२० किलोमीटरमध्ये पूर्ण होते. अंतर कमी दिसले तरी दिवस भरगच्च जातो, आणि रिकाम्या गाडीवरून हे रस्ते चालवण्यात जो आनंद आहे तो सामानाने भरलेल्या गाडीवर मिळत नाही. इटलीतील स्टेल्व्हिओ (सुमारे २,७५७ मीटर) आपल्या यादीत असणारच. तेथे शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर जा. प्राडकडून चढणाऱ्या बाजूला क्रमांक दिलेली ४८ हेअरपिन वळणे आहेत आणि दुपारी त्या प्रत्येक वळणात बस, मोटारहोम (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) आणि सायकली यांची गाठ पडते.

लडाखचा अनुभव उंची, थंडी आणि खराब रस्ता यांसाठी उपयोगी पडेल; उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी मात्र त्याचा उपयोग नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या युरोप प्रवासात गर्दीच्या शहरांत माझ्याकडून एकही चूक झाली नाही, कारण तेथे पुढचे वाहन रस्ता दाखवत असते. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सायंकाळी, एका खेड्याबाहेरच्या पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर येताना. मी सवयीने डाव्या बाजूला गेलो आणि साधारण दोनशे मीटर तसाच चाललो. समोरून मोटार आली तेव्हा ती हळू होती म्हणूनच आम्ही दोघेही वाचलो. धोक्याची वेळ हीच असते: सकाळी निघताना, पंपावरून किंवा हॉटेलातून बाहेर पडताना, फोटो काढून पुन्हा सुरू करताना, आणि एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होताना. तेव्हापासून मी टाकीवर उजवीकडे बाण काढलेली चिकटपट्टी लावतो, आणि गाडी सुरू केल्यावर क्लच सोडण्यापूर्वी ‘उजवीकडे’ हा शब्द मोठ्याने उच्चारतो. आपण तिघे आहात, तेव्हा प्रत्येक थांब्यानंतर पुढे निघणाऱ्याने तो उच्चारावा आणि मागच्या दोघांनी त्याला प्रतिसाद द्यावा.

याच बदलाचा दुसरा परिणाम वळणांवर होतो. आपल्याकडे डावीकडचे हेअरपिन वळण आतल्या अंगाचे, अरुंद आणि चढाचे असते. तेथे ते उजवीकडचे असते. वीस वर्षे ज्या हाताला सवय आहे त्याच्या नेमके उलट तेथे करावे लागते, आणि गाडी पुरेशी वळली नाही तर ती समोरून येणाऱ्याच्या मार्गिकेत जाते. म्हणून जाण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या मैदानावर हँडल पूर्ण उजवीकडे वळवून, पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक यांच्या आधारे लहानात लहान वर्तुळ काढण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे करा. या वेळी पुढचा ब्रेक वापरू नये आणि नजर चाकासमोर न ठेवता, मान वळवून वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला ठेवावी.

आपण कोणती गाडी घेणार हे लिहिलेले नाही, परंतु बहुतेक जण तेथे गेल्यावर मोठ्या ॲडव्हेंचर गाडीचा मोह धरतात. आपल्या बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आणि बैठकीची उंची ८०५ मिलिमीटर आहे. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस ही गाडी सुमारे २५० किलोची आणि ८५० मिलिमीटर उंचीची आहे. चढावरच्या वळणात गाडी बंद पडली आणि उताराच्या बाजूचा पाय जमिनीला टेकला नाही, तर ती गाडी सावरता येत नाही. मध्यम वजनाची गाडी घ्या. आल्प्समध्ये तिची ताकद कमी पडत नाही.

नियमांविषयी थोडक्यात. चिन्ह नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते, मग तो रस्ता गल्लीएवढा का असेना. आपल्या रस्त्याला प्राधान्य असेल तर पिवळ्या समभुज चौकोनाची पाटी लावलेली असते. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे आणि आत असलेल्यांना आधी जाऊ द्यायचे. स्वित्झर्लंडमध्ये वस्तीत ताशी ५० आणि वस्तीबाहेर ८० किलोमीटर ही मर्यादा आहे, आणि दंड आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठे असतात. थांबलेल्या रांगेतून वाट काढत पुढे जाणे तेथे नियमबाह्य आहे. महामार्गासाठी ४० फ्रँकचा वार्षिक स्टिकर लागतो. भाड्याच्या गाडीवर तो आधीच लावलेला आहे का ते पाहा. डोंगरी रस्त्यावर पिवळ्या टपाल बसचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की वळणाच्या आधीच बाजूला थांबा, आणि तिच्या चालकाने केलेली खूण पाळा, कारण निळ्या पाटीवर पिवळे शिंग काढलेल्या रस्त्यांवर तो तसा नियमच आहे. हेल्मेटवर वर्तुळातील ‘ई’ हे ईसीई, म्हणजे युरोपीय मानकाचे, चिन्ह असू द्या. केवळ आयएसआय चिन्हाचे हेल्मेट इटलीत ग्राह्य नाही.

व्हिसा ज्या देशात सर्वांत अधिक रात्री राहणार त्या देशाकडे मागावा लागतो आणि त्यासाठीचा आरोग्य विमा किमान ३०,००० युरोचा असावा लागतो. त्यामुळे मुक्काम ठरल्याशिवाय अर्ज भरू नका, आणि मुक्काम ठरवण्यापूर्वी दोन महिने मैदानावर व घाटात घालवा.

प्रश्न : मी चिपळूणची आहे आणि नोकरीनिमित्त दर आठवड्याला कुंभार्ली घाटातून १५० सीसीच्या गाडीने ये-जा करते. मागच्या पावसाळ्यात घाट उतरताना वळणात मागचे चाक घसरले. पडले नाही, पण तेव्हापासून उतारावरच्या प्रत्येक वळणात हात आखडतात. ही भीती कशी घालवावी?

उत्तर : आपली भीती अवास्तव नाही, आणि तिला कारणही सापडते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना आपल्याकडे २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, परंतु अनेक गाड्यांना ते एकाच चाकाचे, म्हणजे पुढच्या चाकाचे असते. मागचे चाक तेव्हा अडून घसरू शकते. उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, मागचे चाक हलके होते, आणि भीतीने उजवा पाय ब्रेकवर दाबला की हलके झालेले ते चाक ओल्या रस्त्यावर सहज अडते. यावर उपाय म्हणून पुढचा ब्रेक टाळणारे अनेक जण मी पाहिले आहेत. ते चुकीचे आहे. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्याच चाकात असते. तो ब्रेक फक्त झटक्याने धरायचा नाही आणि वळणात वाकलेल्या गाडीवर दाबायचा नाही. चार बोटांनी एकदम आवळण्याऐवजी दोन बोटांनी आधी हलका दाब द्या, गाडीचे पुढचे स्प्रिंग बसले की दाब वाढवा, आणि गाडी वळवण्यापूर्वी सोडत आणा.

वेग कमी करण्याचे काम वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच संपले पाहिजे, ही घाटातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने आपण दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जातो. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा एक सेकंद आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर लागणारे अंतर धरले, तर थांबायला साधारण ३५ ते ४० मीटर लागतात. ताशी ८० ला हेच अंतर ५५ मीटरच्या पुढे जाते, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओल्या रस्त्यावर आणि उतारावर त्याहून अधिक. म्हणून जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो, तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवावा. धुक्यात कुंभार्लीत जर वीस मीटर दिसत असतील, तर वेग ताशी तीसच्याही आत हवा, मागचा ट्रक कितीही भोंगा वाजवो. त्याला जागा मिळेल तेथे पुढे जाऊ द्या.

उतरताना ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे हा जुन्या चालकांचा नियम मोटारसायकललाही लागू आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत आणि हात मोकळे राहतात. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरू नये.

आता हात आखडण्याविषयी. हात आखडले की गाडी वळत नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. मोटारसायकल साधारण ताशी २५ किलोमीटरच्या वर हँडल फिरवून वळत नाही, ती वाकून वळते. आणि उजवीकडे वाकवायची असेल तर उजव्या मुठीला हलके पुढे ढकलावे लागते. हे ऐकायला उलटे वाटते, पण मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने एकदा उजवी मूठ आणि एकदा डावी मूठ किंचित ढकलून पाहा, गाडी स्वतःच ते शिकवेल. दोन्ही हात घट्ट आवळलेले असतील तर एक हात ढकलतो आणि दुसरा अडवतो. त्यासाठी गुडघ्यांनी टाकी धरा, पोट आणि मांड्यांवर अंगाचा भार घ्या आणि कोपरे सैल ठेवा. त्याचबरोबर नजर. घाबरलेला चालक ज्या वस्तूची भीती वाटते तिच्याकडेच पाहतो, मग ती कठड्याची कडा असो की रस्त्यावर सांडलेली खडी, आणि गाडी नजरेमागून तेथेच जाते. हनुवटी वळणाच्या शेवटाकडे वळवा. शेवट दिसत नसेल तर जेथवर रस्ता दिसतो त्या टोकाकडे पाहा, आणि ते टोक जवळ येत आहे असे वाटले तर वळण आवळत आहे असे समजून आणखी हळू व्हा.

भीती घालवण्यासाठी रोजचा प्रवास वापरू नका. एखाद्या कोरड्या रविवारी पहाटे, वाहतूक नसताना, कामाची घाई नसताना घाटाचा दोन-तीन किलोमीटरचा एकच भाग निवडा आणि तो पाच-सहा वेळा चढा-उतरा, दर वेळी फक्त एका गोष्टीकडे लक्ष देऊन: एकदा फक्त ब्रेकची जागा, एकदा फक्त नजर, एकदा फक्त कोपरे. टायरची खाच आणि हवेचा दाब त्याआधी तपासा. झिजलेल्या टायरवर कोणतेही कौशल्य चालत नाही. आपण अजून घाटाने ये-जा करत आहात हेच मला धीराचे वाटते. महिनाभराने काय फरक पडला ते अवश्य कळवा.

प्रश्न : मी नाशिकची आहे, वय ३८. थायलंडमध्ये चियांग मायहून माए होंग सोनची फेरी मोटारसायकलने करायची आहे. माझ्या परवान्यावर फक्त बिनगिअरची दुचाकी आणि मोटार आहे. आंतरराष्ट्रीय परवाना काढला की पुरे का?

उत्तर : नाही. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे आपल्याच परवान्याची परदेशात ओळखता येईल अशी प्रत असते. मूळ परवान्यात जे नाही ते त्यात येत नाही. गिअरची मोटारसायकल चालवायची असेल तर आधी शिकाऊ परवाना घेऊन, किमान ३० दिवसांनी चाचणी देऊन, तो वर्ग मूळ परवान्यात वाढवून घ्या. त्यानंतर आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी आरटीओकडे अर्ज करा. या परवान्याची मुदत एक वर्ष असते, म्हणून तो फार आधी काढू नका, आणि हातात आल्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे का ते तेथेच उभे राहून तपासा. मूळ परवानाही सोबत ठेवावा लागतो.

आपली निवड मला फार आवडली. थायलंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे पहिल्या परदेशी प्रवासात मेंदूवरचा एक मोठा भार कमी होतो. पै, माए होंग सोन आणि माए सारियांग करून परत येणारी ही फेरी साधारण ६०० किलोमीटरची आहे आणि तीत १,८६४ वळणे असल्याचे तेथे अभिमानाने सांगितले जाते. चार ते पाच दिवस द्या. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेते आणि जंगल जाळल्याचा धूर उत्तर थायलंडभर साचतो, तेव्हा डोंगरही दिसत नाहीत आणि श्वासालाही त्रास होतो.

वर्ग वाढवून घेण्यास वेळ नसेल, तर स्वयंचलित स्कूटर घेऊनही ही फेरी अनेक जण करतात आणि ती आपल्या सध्याच्या परवान्यात बसते. लांब उतारांवर मात्र स्कूटरला इंजिनाचा आधार कमी मिळतो, म्हणून ब्रेक सतत धरून न ठेवता थोडा थोडा वापरा आणि ते तापल्याचा वास आला तर थांबा. गाडी घेताना पासपोर्ट अनामत म्हणून देऊ नका, रोख रक्कम द्या, आणि दुकानदारासमोर गाडीचे चारही बाजूंनी चित्रीकरण करा.

प्रश्न : कोल्हापूरचा विद्यार्थी आहे. व्हिएतनाममध्ये ‘हा जांग’ या भागातील डोंगरांत परवाना न पाहता गाडी भाड्याने देतात असे मित्र सांगतात. जाऊ का?

उत्तर : गाडी मिळते हे खरे आहे, कायद्याने ती चालवता येते असा त्याचा अर्थ नाही. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालील आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, आणि भारतात मिळणारा परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे. म्हणजे ५० सीसीपेक्षा मोठ्या गाडीवर आपण तेथे विनापरवाना असाल. पोलिसांचा दंड ही त्यातली लहान गोष्ट आहे. अपघात झाला तर प्रवास विमा नाकारला जाईल, आणि दुसऱ्या कोणाला इजा झाली तर ती जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येईल. मा पी लेंगची खिंड पाहण्यासारखी आहेच. तेथील स्थानिक चालकाच्या मागे बसून ती पाहता येते, आणि त्या दऱ्यांकडे पाहायला डोळेही मोकळे राहतात. तसेच जा.

प्रश्न : माझा मुलगा सावंतवाडीहून स्वतःच्या मोटारसायकलने नेपाळ आणि भूतान करणार आहे आणि पुढे कधीतरी युरोपपर्यंत जाण्याचे त्याच्या मनात आहे. वडील म्हणून मी कोणत्या गोष्टी तपासाव्यात?

उत्तर : नेपाळ आणि भूतानसाठी फार मोठी कागदपत्रे लागत नाहीत. नेपाळच्या सीमेवर वाहनासाठी भन्सार, म्हणजे दिवसांच्या हिशोबाने जकात, भरून पावती घ्यावी लागते. ती पावती आणि तिच्यावरील शेवटची तारीख जपावी. भूतानमध्ये फुन्शोलिंगला प्रवेश परवाना मिळतो, आणि भारतीयांना दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते, त्यामुळे तेथे रेंगाळण्याचा खर्च आधीच मोजावा. गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर असावी. आपल्या गाडीचा विमा मुळात भारतापुरताच असतो. थोडा अधिक हप्ता भरून त्याची भौगोलिक मर्यादा शेजारच्या देशांपर्यंत वाढवून घेता येते. हे जवळजवळ कोणी करत नाही, आणि आपण तपासण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

युरोपपर्यंत जाण्यासाठी वाटेतील अनेक देशांत कार्ने नावाचे जकातीचे पुस्तक लागते. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत बाहेर जाईल, याची ती हमी असते. भारतात ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळते आणि त्यासाठी मोठी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. प्रत्येक देशात शिरताना आणि बाहेर पडताना त्यावर शिक्का घेतला नाही तर अनामत अडकते. जमिनीचा मार्गही आज सोपा नाही: अटारीची चौकी २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद झाली, आणि चीनमधून जायचे तर तेथील तात्पुरता परवाना व सोबत वाटाड्या घ्यावाच लागतो, ज्याचा खर्च अनेकांनी वाटून घेतल्याशिवाय झेपत नाही. म्हणून तो विचार काही वर्षे पुढे ठेवण्यास मुलाला सांगावे.

या प्रवासासाठी त्याच्याकडून तीन गोष्टी आग्रहाने मागा. रात्री गाडी चालवणार नाही, हा शब्द घ्या; हिमालयातल्या रस्त्यावर दरड, जनावरे आणि दिवे नसलेले ट्रक अंधारात दिसत नाहीत. सकाळी निघताना मुक्कामाचे गाव आणि पोहोचल्यावर एक निरोप त्याने कळवावा. आणि रक्तगट, औषधांची ॲलर्जी व आपला दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवावा, कारण अपघातानंतर फोनचे कुलूप कोणाला उघडता येत नाही.